घासलेला पाषाण व झिजलेला हात

आमच्या देवघरांत एक सहाण आहे. ती कोणीं आणली, कोठून आणली, हें आज घरांत कोणासहि सांगतां येत नाहीं. पणजोबांच्या पूजेंत ती होती, एवढेंच ऐकून आहों. तिच्या मध्यभागीं एक उथळ खळगा पडलेला आहे, आणि चंदनाचें खोड तिच्यावर ठेवलें कीं तें आपोआप त्या खळग्यांत जाऊन बसतें. हा खळगा कोणीं मुद्दाम कोरलेला नाहीं. चार पिढ्यांनीं रोज सकाळीं चार वळसे चंदन उगाळलें. तें गंध देवांच्या व माणसांच्या कपाळीं लागून त्याच दिवशीं वाळून गेलें. आणि मागें हा खळगा राहिला. ज्यासाठीं श्रम केले तें उरलें नाहीं, आणि जें करावें असें कोणाच्या मनांतहि नव्हतें तें मात्र उरलें.

ही गोष्ट आम्ही जन्मभर पाहत आलों, परंतु तिच्याकडे लक्ष गेलें तें फार उशिरां, आणि तेंहि घरापासून पुष्कळ दूर. कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नाच्या निमित्तानें आम्ही कर्नाटकांतील बळ्ळारी येथें गेलों होतों. आम्हांस जुन्या वस्तूंची आवड आहे असें कळल्यावरून लग्नघरांतील एका वृद्ध गृहस्थांनीं दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हांस शहराबाहेरील टेकड्यांकडे नेलें. संगनकल्लू आणि कुपगल या गांवांजवळच्या त्या टेकड्या ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांनीं भरलेल्या आहेत. "हात लावून पाहा," असें म्हणून त्यांनीं एका शिळेकडे बोट दाखविलें. सगळा दगड खरखरीत होता. परंतु त्याच्या पाठीवर एक लांबट खळगा होता, आणि त्यांत बोटें ठेवतांच तीं घसरूं लागलीं. आम्हांस एकदम आमच्या सहाणेची आठवण झाली. "येथें कुऱ्हाडी घासल्या आहेत," ते म्हणाले, "आपल्याला अक्षरओळख झाली नव्हती तेव्हांच्या."

या टेकड्यांतून डोलेराइट नांवाच्या काळ्या, घट्ट दगडाची एक शीर गेलेली आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या व दुसऱ्या सहस्रकांत या प्रदेशांत गुरें पाळून आणि बारीक भरड धान्यें, कुळीथ, मूग असें कांहीं पिकवून राहणाऱ्या लोकांची वस्ती होती. त्यांचें मुख्य हत्यार दगडाचेंच होतें. त्यांनीं या शिरेचा दगड फोडून इतक्या कुऱ्हाडी घडविल्या कीं, छिलक्यांचे व अर्धवट टाकून दिलेल्या पात्यांचे ढीग तेथें साठले. ज्यांना १८६३ सालीं मद्रासजवळ पल्लावरम् येथें पुराश्मयुगांतील हत्यार सांपडलें व ज्यांच्यापासून भारतांतील प्रागैतिहासिक संशोधनाचा आरंभ धरतात, ते भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या कारखान्याचें महत्त्व ओळखलें. पुढें १९४८ सालीं बी. सुब्बाराव यांचा बळ्ळारी भागांतील अश्मयुगीन संस्कृतींवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडून निघाला. १९६४-६५ सालीं अन्सारी व नागराज राव यांनीं संगनकल्लू येथें पुन्हां उत्खनन केलें. त्याचा वृत्तान्तहि पुण्यासच छापला गेला. अशा रीतीनें त्या खडकांची ओळख जगास करून देण्यांत महाराष्ट्रांतील एका संस्थेचा वांटा मोठा आहे.

कुऱ्हाड तयार होण्याच्या चार पायऱ्या फूट यांनीं सांगितल्या आहेत. प्रथम एका दगडानें दुसऱ्यावर ठोके देऊन छिलके काढावयाचे व पात्यास ओबडधोबड आकार द्यावयाचा. मग बारीक बारीक ठोके मारून उंचवटे मोडावयाचे; आपल्याकडे टाकीवाला जात्यास किंवा पाट्यास टाकी लावतो, बहुतेक तसेंच हें काम. तिसरी पायरी घासण्याची, आणि चौथी झिलईची. पहिल्या पायरीस सराईत हाताला फार वेळ लागत नाहीं. वेळ खातात त्या शेवटच्या दोन. दगड किती कठीण आणि पातें केवढें यांवर हें घासणें कांहीं तासांपासून कित्येक दिवसांपर्यंत चालतें. तेथें यंत्र नाहीं, चाक नाहीं. पाणी आहे, वाळू आहे, आणि पुढें-मागें, पुढें-मागें होणारे दोन हात आहेत.

असे घासणीचे खडक जगांत अनेक ठिकाणीं आढळतात. फ्रान्समध्यें, विशेषतः पॅरिसच्या भोंवतालच्या प्रदेशांत, वालुकाश्माच्या मोठाल्या शिळांवर अरुंद व खोल खांचा, आणि शेजारीं बशीसारखे पसरट खळगे दिसतात. खांचेंत पात्याच्या कडा घासल्या जात व खळग्यांत त्याचें अंग. फ्रेंच लोक अशा शिळेस 'पोलिस्वार' म्हणतात. ओब प्रांतांतील अशा एका शिळेस तेथील लोकांनीं 'दहा बोटांचा दगड' असें नांव दिलें आहे. इंग्लंडमध्यें विल्टशायरांतील एव्हबरीजवळच्या माळावर तशीच एक शिळा अजून आपल्या जागीं पडून आहे, आणि डॉर्सेटमधील एका खोऱ्यांत आणखी एक सांपडल्याचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. दगड घासण्याची कला तर नवाश्मयुगाहूनहि फार जुनी आहे. उत्तर ऑस्ट्रेलियांतील एका शैलाश्रयांत मिळालेलीं, धार घासलेल्या कुऱ्हाडींचीं पातीं सुमारें ६५,००० वर्षांपूर्वींचीं असावींत, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत म्हटलें आहे.

परंतु ज्यांनीं हें केलें त्यांची आठवण पुढच्यांनीं ठेविली नाहीं. शेतांत नांगर चालवितांना असें एखादें गुळगुळीत पातें वर आलें, म्हणजे युरोपांतील शेतकरी तें विजेबरोबर आकाशांतून पडलें असें समजत, आणि पुन्हां वीज पडूं नये म्हणून घराच्या आढ्यांत किंवा उंबऱ्याखालीं जपून ठेवीत. आपल्याकडे बुंदेलखंडांत एकोणिसाव्या शतकांतील संग्राहकांस अशीं पातीं पिंपळाखालीं देवांच्या दगडांशेजारीं मांडलेलीं आढळलीं. हे 'विजेचे दगड' म्हणजे माणसाचीं हत्यारें होत, हें आंत्वान द जुसिउ या फ्रेंच पंडितानें १७२३ सालीं अमेरिकेंतील लोकांच्या दगडी हत्यारांशीं तुलना करून दाखविलें. १८६५ सालीं जॉन लबक यांनीं अश्मयुगाचे जुनें व नवें असे दोन भाग पाडले, तेव्हां घासून झिलई दिलेला दगड हीच नव्या अश्मयुगाची खूण ठरली. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ओबडधोबड दगडापेक्षां ज्या वस्तूस माणसाचा हात शंभरपट अधिक लागला होता, नेमकी तीच वस्तु माणसाच्या हातची नव्हे असें मानलें गेलें. झिलई पुरी झाली, म्हणजे ती झिलई करणाऱ्यासहि पुसून टाकते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एवढें घासण्याचें प्रयोजन काय?

धारेपुरतें पाहिलें तर उत्तर सोपें आहे. छिलके काढून केलेली धार दांतेरी असते; घाव बसला कीं एखादा दांता तुटतो आणि चीर आंत शिरते. घासलेली धार अखंड असते, घावाचा जोर तिच्यावर सारखा वांटला जातो, आणि बोथटली तरी ती पुन्हां घासून घेतां येते. डेन्मार्कमधील द्रावेदच्या रानांत १९५० च्या दशकांत संशोधकांनीं नवाश्मयुगांतील खऱ्या पात्यांस नवे दांडे बसवून झाडें तोडून पाहिलीं. तेव्हां एकाच पात्यानें, मध्यें कोठेंहि धार न लावतां, शंभराहून अधिक झाडें पाडलीं. चार हजार वर्षांपूर्वींच्या कारागिराच्या कामाचें याहून चांगलें प्रशस्तिपत्र कोणतें?

परंतु धार हा पात्याचा एक लहानसा भाग. पुष्कळ कुऱ्हाडी धारेपासून माथ्यापर्यंत, सर्वांगीं घासलेल्या असतात. जो भाग दांड्यांत दडून जावयाचा, जो कोणाच्या दृष्टीस पडावयाचा नाहीं, त्यालाहि झिलई असते. याचा लांकूड तोडण्याशीं फारसा संबंध जोडतां येत नाहीं. आणखी पुढें जाऊं. इंग्लंडच्या उत्तरेस लँगडेल येथें कुऱ्हाडींसाठीं दगड काढीत, तो डोंगराच्या उंच, निसरड्या कड्यांवरून. तितकाच चांगला दगड सोप्या जागीं मिळत असतां कित्येकदां अवघड जागाच पसंत केलेली दिसते. इटलींतील आल्प्समध्यें मोंते व्हीसो पर्वतावर दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर हिरव्या जेडच्या खाणी होत्या. पियेर पेत्रकँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं त्या शोधून काढल्या. तेथील दगडाचीं पातीं आरशासारखीं घासून ब्रिटनी व ब्रिटनपर्यंत गेलीं. इंग्लंडांतील सॉमरसेटच्या दलदलींत लांकडी फळ्यांची एक प्राचीन पायवाट सांपडली आहे; झाडांच्या खोडांतील वर्तुळांवरून ती इ. स. पूर्व ३८०७ किंवा ३८०६ सालीं बांधली गेली, असें वर्षानिशीं सांगतां येतें. त्या वाटेशेजारीं आल्प्सच्या जेडचें एक पातें पडलेलें मिळालें. त्यानें एकहि झाड तोडलेलें नव्हतें. ब्रिटनींतील एका प्रचंड टेकाडाखालीं तर अशीं झिलईदार पातीं शंभराहून अधिक पुरलेलीं निघालीं. डेन्मार्कमध्यें चकमकीच्या दगडाचीं चाळीस सेंटिमीटरांहून लांब पातीं आढळतात. तीं हातांत धरून लांकडावर घाव घालील असा मनुष्य विरळा, आणि घातलाच तर दगड मोडेल.

म्हणजे गरज संपली तेथेंहि मनुष्याचा हात थांबला नाहीं. हें चांगलें कीं वाईट? येथें दोन पक्ष संभवतात, आणि आपल्या शास्त्रकारांच्या रीतीप्रमाणें दोघांसहि बोलूं देणें योग्य होईल.

पहिला पक्ष म्हणेल : मनुष्याचें मनुष्यपण येथेंच सुरू होतें. गरजेपुरतें काम सुतारपक्षीहि करतो, कोळीहि करतो. काम पुरें झाल्यावर तें चांगलें व्हावें म्हणून पुन्हां हात लावणारा प्राणी एकच. दांड्यांत दडणारा भाग घासणारा कारागीर कोणास दाखविण्यासाठीं तो घासीत नाहीं. काम अर्धवट सोडणें त्याला स्वतःलाच सहन होत नाहीं. पुढें जी शिल्पें झालीं, लेणीं झालीं, मंदिरांच्या छतांच्या अंधारांत जेथें दिवटीहि पोंचत नाहीं तेथें कमळें कोरलीं गेलीं, त्या सर्वांचें बीज या निरुपयोगी झिलईंत आहे. न्यू गिनींतील लांगडा येथें दगडी पातीं घडविणाऱ्या कारागिरांची परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होती. संशोधकांनीं त्यांच्याजवळ बसून नोंदी केल्या आहेत. तेथील शिकाऊ मुलास हात बसण्यास पांच वर्षें आणि त्याहून अधिक लागत. वडीलधाऱ्यांच्या शेजारीं नदीकांठीं बसून, चुका करीत आणि बोलणीं खात तो शिके. अशा मंडळींत जो श्रम होतो त्यास कष्ट म्हणणें कठीण. ती एक विद्या आहे, एक संगति आहे.

दुसरा पक्ष उत्तर देईल : हें सर्व ऐकावयास गोड आहे. परंतु झिलईचीं तीं शंभर पातीं जमिनींत कोणीं पुरलीं, आणि घासलीं कोणीं? पुरणारा व घासणारा एकच होता, असें आपण कशावरून धरून चालतां? ज्या वस्तूचा उपयोग नाहीं आणि जिच्यांत दुसऱ्याचे शेंकडों तास सांठले आहेत, ती वस्तु बाळगणें म्हणजेच सत्ता बाळगणें होय. ती पाहणारास न बोलतां सांगते कीं, मला इतके हात वायां घालवितां येतात. अतिरिक्त श्रमापासून कला निघाली हें जितकें खरें, तितकेंच त्यापासून धनी आणि राबणारा हा भेदहि निघाला, हें खरें आहे. झिलई एकच, तींत दोघांचीं तोंडें दिसतात.

आम्हांस बराच काळ पहिला पक्ष पटत होता. बळ्ळारीच्या त्या शिळेवर हात फिरवितांनाहि मनांत तोच होता. खरें सांगावयाचें तर, असल्या विषयावर लिहिणाऱ्यास तोच पक्ष सोईचा असतो. कारण लिहिणाऱ्याच्या हातास घट्टे पडलेले नसतात. परंतु पुढें एक जुनी घरगुती गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यापासून तो पक्ष जसाच्या तसा पत्करणें आम्हांस शक्य राहिलें नाहीं.

आमच्या लहानपणीं घरांत आत्या होत्या. त्या बालविधवा, जन्मभर माहेरीं राहिलेल्या. सणाचें पुरण वाटणें हें त्यांचें काम होतें. पुरणयंत्र बाजारांत मिळत होतें, पण आमच्या घरीं तें आलें नाहीं. कारण आत्यांच्या पाट्यावरच्या पुरणास जी मऊसूत चव येते ती यंत्राच्या पुरणास येत नाहीं, असा घरांतील पुरुषांचा एकमुखी निर्णय होता. होळीच्या दिवशीं पंगतीला बसलेले पाहुणे त्या पुरणाची तारीफ करीत, आणि वडील ती तारीफ स्वतःची असल्याप्रमाणें स्वीकारीत. अशाच एका सणाला, जेवणें उरकल्यावर, आत्या ओसरीच्या दाराशीं उभ्या राहून वडिलांना म्हणाल्या, "दादा, पाटा गुळगुळीत झाला म्हणजे तुम्ही टाकीवाल्याला हांक मारतां. माझ्या मनगटासाठीं कोणाला हांक मारूं?"

सगळे हंसले. आत्यांची जीभ मोठी मिस्कील, असें कोणीसें म्हणालें. हंसणाऱ्यांत आम्हीहि होतों. तो विनोद नव्हता हें समजावयास आम्हांस पन्नास वर्षें लागलीं.

पुरण खरोखर उत्तम होत असे, आणि आत्यांस आपल्या कामाचा अभिमानहि होता. पुरणांत एक कणहि राहिला तर त्या पुन्हां वाटीत. त्यांना कोणीं मारून-धमकावून बसविलें नव्हतें. पण त्यांना "आज नको" म्हणण्याची सोय होती काय? आणि नसेल, तर त्या पुन्हां एकदां वाटण्यांत कारागिराचा आनंद किती आणि आश्रिताची भीति किती, हें त्या मऊ पुरणावरून कोण सांगणार? पुरण तें सांगत नाहीं, आणि झिजलेला पाटाहि तें सांगत नाहीं.

हीच अडचण त्या प्राचीन खांचेची आहे. खांच एवढेंच सांगते कीं, येथें हात पुष्कळ वेळ चालले. ते कोणाचे, पुरुषाचे कीं बाईचे, म्हाताऱ्याचे कीं मुलाचे, आपखुशीचे कीं हुकुमाचे, हें तीं सांगत नाहीं. म्हणून तिच्याकडे पाहून "धन्य ते श्रम!" असे उद्गार काढणें, किंवा "केवढी ही पिळवणूक!" म्हणून हळहळणें, दोन्ही उतावळेपणाचें होईल. वस्तूची पूर्णता हा तिच्यामागील न्यायाचा पुरावा नव्हे. आणि अन्यायाचाहि नव्हे. सौंदर्य आणि नीति या दोन बहिणी असतील, परंतु एकीची साक्ष दुसरीच्या खटल्यांत चालत नाहीं.

मग या विचारांतून हातीं काय लागलें? आमच्या मतें एक गोष्ट निश्चित लागली. गरजेपलीकडच्या श्रमाचें मोल ठरवितांना आपण नेहमीं वस्तूकडे पाहतों, आणि तेथेंच चुकतों. विचारावयाचा प्रश्न "हें किती सुंदर झालें?" असा नसून "हें न करण्याची मोकळीक करणारास होती काय?" असा आहे. जेथें ती मोकळीक होती, तेथें निरुपयोगी झिलई ही मनुष्याची सर्वांत मोठी ऐपत होय. जेथें नव्हती, तेथें तीच झिलई त्याच्यावरचा कर होय. मेलेल्यांच्या बाबतींत हा प्रश्न आपणांस सोडवितां येत नाहीं. जिवंतांच्या बाबतींत मात्र तो विचारण्यास कोणाची हरकत नाहीं. आपण विचारीत नाहीं, याचें कारण उत्तर जवळच, बहुधा आपल्याच स्वयंपाकघरांत असतें. "आईच्या हातची चव" असें आपण कौतुकानें म्हणतों, तेव्हां या वाक्यांत आईपेक्षां चवीस आणि हातापेक्षां पदार्थास अधिक मान दिलेला असतो. पिठाची गिरणी आली तेव्हां जात्यावरच्या पिठाची गोडी गेली म्हणून हळहळणारे बहुतेक पुरुष होते. पहांटे उठून जातें ओढणाऱ्या बायका गिरणीच्या रांगेंत आनंदानें उभ्या राहिल्या. त्यांचा निवाडा आमच्या निवाड्याहून अधिक मोलाचा आहे, कारण तो अंगावर झेललेल्या अनुभवाचा आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, असें असेल तर त्या खांचा जपण्याचें तरी कारण काय? तेथें कष्ट झाले असतील, तर त्यांचें स्मारक कशाला? या शंकेचें उत्तर आम्हांस कुऱ्हाड आणि खडक यांच्या भेदांत सांपडतें. कुऱ्हाड ही कोणा एकाची. ती घेऊन जातां येते, देतां येते, लुटतां येते, पुरतां येते. घासणीचा खडक हलत नाहीं, म्हणून तो बहुधा कोणा एकट्याचा राहत नाहीं. आज येऊन गेलेल्याच्या हातानें खांच केंसभर खोल होते, आणि उद्यां येणाऱ्याचें पातें तींत अधिक सुखानें बसतें. पहिला दुसऱ्यास ओळखत नसतो. आपण त्याच्यावर कांहीं उपकार करीत आहों, हेंहि त्याच्या गांवीं नसतें. संपत्ति पुष्कळांनीं मागें ठेविली आहे. परंतु असा न ठरवितां ठेविलेला वारसा हाच माणसांमाणसांतील सर्वांत जुना विश्वास असावा. आणि कष्ट करणाऱ्यांचें नांव, गांव, कुळ, सारें गेल्यावर त्यांची म्हणून उरलेली ही एकच सही आहे.

ही सहीहि सुरक्षित आहे असें नव्हे. विल्टशायरमध्यें वेस्ट केनेट येथें इ. स. पूर्व सदतिसाव्या शतकाच्या सुमाराचें एक लांबलचक दफनस्थळ आहे. त्याच्या बांधकामांत जे मोठे दगड लावले आहेत त्यांपैकीं एकावर कुऱ्हाडी घासल्याच्या खुणा आहेत. म्हणजे घासणीचा दगडहि उचलून मेलेल्यांच्या घरास लावला गेला. तो मानानें नेला कीं केवळ सोईचा दगड म्हणून नेला, कोण जाणे. आमच्या काळीं मान वगैरे प्रश्नच उद्भवत नाहीं. कुपगलच्या टेकड्यांत आधुनिक खाणींनीं दगड काढतांना प्राचीन खुणांची हानि केली आहे. ज्या शिळेवर खांच पडण्यास कित्येक पिढ्या लागल्या, ती फोडून तिची खडी करण्यास सुरुंगाची एक वात पुरते. त्या खडीचा रस्ता होतो, आणि रस्ता गरजेचा असतो, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, फोडण्यापूर्वीं त्या दगडावरून कोणीं तरी एकदां हात फिरवून पाहावा.

दुसऱ्यांस हा उपदेश करण्याचा आमचा अधिकार मात्र अपुरा आहे, आणि तें येथें कबूल केलेंच पाहिजे. वीस वर्षांपूर्वीं आमचें जुनें घर विकलें गेलें, तेव्हां सामानाची निवड आम्हींच केली. नव्या सदनिकेंत जागा थोडी. सहाण बरोबर घेतली. ती देवघराची, पणजोबांच्या हातची. तिला मऊ फडक्यांत गुंडाळून आम्हीं स्वतः मांडीवर घेऊन आणली. पाटा मागील अंगणांत विहिरीशेजारीं टेकवून ठेवलेला होता. तो जड, आणि त्याचें आतां काम नव्हतें. घरांत विजेचें यंत्र केव्हांच आलें होतें. कोणी तरी विचारलें, "पाट्याचें काय करावयाचें?" आम्हीं म्हटलें, "राहूं द्या तेथेंच."

पुरुषांच्या हातानें पडलेला खळगा आम्हीं पूजेंत जपून ठेविला आहे. आजहि सकाळीं चंदनाचें खोड त्यांत जाऊन बसतें, आणि पणजोबांचें स्मरण होतें. आत्यांच्या हातानें पडलेला खळगा त्या अंगणांत राहिला. त्या जागीं पुढें मोठी इमारत उठली. पाटा मध्यें झिजला होता, हें आम्हांस आठवतें. पण तो खळगा किती खोल होता, हें कितीहि आठवूं गेलों तरी सांगतां येत नाहीं, कारण आम्हीं त्यावर कधीं हातच ठेविला नव्हता.